तीन नंबरचे पट्टे

॥ श्री म्हाळसाकांत प्रसन्न ॥

खामगाव,
मंगळवार, ता. १७ नोव्हेंबर १९६४

सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार.

पिशवी पोचली. तुम्हाला नेलं त्याच सरकीच्या ढेपेच्या ट्रकवाल्यानं काल दुपारी दारात टाकली. आत निघालं ते असं: मी मागाहून धाडलेले दोन पायजमे, एक गंजीफ्रॉक, टॉवेल, पांढरा सदरा (उजव्या बाहीला डाग), आणि देवघरातली भंडाऱ्याची पितळी डबी, रिकामी. दाढीचं सामान नव्हतं, म्हणजे मुक्काम लांबणार. ट्रकवाला बारा आणे मागत होता, आठ आण्यांत मिटवलं. सदऱ्याला धुण्याचा सोडा आणि साबणाची अर्धी वडी गेली. डाग फिका झाला, गेला नाही. चिठ्ठी नव्हती. पिशवी उलटी करून झटकून पाहिली, खाली फक्त पत्र्याचा कीस पडला, तुमच्या सगळ्या खिशांतून पडतो तसा.

डबी तुम्ही नेलीत हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कारखान्यातून धावत आलात, पेटीतले पैसे घेतले, देवघरात गेलात आणि माझ्याकडे न बघता निघालात. मी म्हटलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, "तीन नंबरवर हात गेला." कुणाचा ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. डब्यांचा पत्रा कापायच्या त्या तीन नंबरच्या प्रेसवर कोण बसते ते मला माहीत होतं.

आज त्याला सात दिवस झाले. सुलभाला सांगितलं आहे की बाबा नागपूरला मशीनच्या कामाला गेलेत. ती शाळेत सगळ्यांना सांगते आहे की बाबा मोठं मशीन आणणार.

केसरबाईला संग्रामपूरकडे आई आहे म्हणतात. ती आली का? आली असेल तर तुम्ही अजून का थांबलात? आणि आली नसेल तर तिला बोलावणं का धाडलं नाही? नवऱ्यानं टाकलेली असली तरी माहेर काही टाकलेलं नाही. इथल्या दवाखान्यातून नागपूरला नेईपर्यंत कुणीतरी हवं होतं हे मला समजतं. नेऊन पोचवल्यावर काय हवं होतं ते समजत नाही.

उजवा हात असा झालेल्या बाईला जेवता येत नसेल, लुगडं नेसता येत नसेल, वेणी घालता येत नसेल. मोठ्या दवाखान्यात नर्सा असतात. भरवायला त्या असतील, नेसवायलाही असतील. नर्सा वेणी घालतात का हे मला माहीत नाही, म्हणून विचारते.

तुम्हाला वेणी घालता येते हे खामगावात मला एकटीला ठाऊक आहे. मला विषमज्वर झाला त्या वर्षी सव्वा महिना तुम्ही माझी वेणी घालत होतात, दार लोटून. तीन पेड सारखे यायचे, शेवटची गाठ मात्र तारेला मारतात तशी मारायचात, मग ती सोडवताना माझे चार केस तुटायचे. मी कधी बोलले नाही, आणि हे कुणाला सांगितलंही नाही. तुम्हीही सांगितलं नसेल असं धरून चालते.

कार्डावर लिहिलं की पोस्टमन वाचतो, म्हणून हे अंतर्देशीय. तुम्ही कार्डच लिहा, स्वस्त पडेल. चार ओळी पुरेत. कधी येता एवढं लिहा.

शरयू


॥ श्री म्हाळसाकांत प्रसन्न ॥

खामगाव,
मंगळवार, ता. २४ नोव्हेंबर १९६४

सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तर नाही. पोस्टमन आता आपल्या दारावरून जाताना मान खाली घालतो.

काल उत्तमराव मॅनेजर घरी आले होते. बरोबर टाइप केलेला कागद होता, तो या पत्रासोबत पाठवते आहे. त्यात तुमच्या नावानं लिहिलं आहे की ता. १० नोव्हेंबरला सकाळी तीन नंबरच्या प्रेसवर केसरबाईच्या दोन्ही मनगटांना पट्टे मी स्वतः बांधले, चाक हातानं एकदा फिरवलं, वरचा ठोकळा खाली येताना पट्ट्यांच्या दोऱ्या दोन्ही हात मागं ओढून घेतात हे पाहिलं, आणि त्यानंतर मजूर बाईनं काम लवकर उरकावं म्हणून आपण होऊन उजवा पट्टा सोडला. खाली तुमची सही व्हायची आहे. मार्तंडराव मिस्त्री असं नाव त्यांनी टाइप केलं आहे. मला ते नाव घ्यायचं नसतं म्हणून मी कागद मनातच वाचला.

उत्तमरावांचं म्हणणं, मजुरानं आपल्या हातानं पट्टा सोडला असेल तर कारखान्यावर भरपाई येत नाही, कायद्यातच आहे तसं. इन्स्पेक्टरसाहेब आठ डिसेंबरला चौकशीला येणार. त्याआधी सही हवी आणि तपासणीची वहीही हवी. वही आपल्या घरी असते हे त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, हे आले की देतील. सही झाली की शेठ तुम्हाला हेडमिस्त्री करणार, तेही सांगून गेले.

मग चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, मिस्त्री तिथं काऊन बसून राह्यले ते मले समजत नाही. कारखान्यात लोक बोलून राह्यले. मी तोंडं दाबतो, पन किती जनाइची दाबू?"

मी त्यांना अर्धा कप चहा दिला होता. तो संपायला त्यांनी पाऊण तास घेतला.

तेव्हा माझं म्हणणं असं की सही करा आणि या. ज्यानं पट्टे बांधले नाहीत त्यानं बांधले म्हणून लिहायचं, हे खोटं आहे, ते मलाही दिसतं. पण तिला भरपाई मिळावी म्हणून आपण रस्त्यावर यायचं, हे कुठल्या शास्त्रात आहे? तिला काय मिळतं आणि काय नाही, याचा विचार करायला तुमच्याशिवाय जगात कुणीच नाही का?

आणि आता तो विषय निघालाच आहे तर लिहूनच टाकते. तुम्हाला वाटतं मी लोकांचं ऐकून वागले. मी कुणाचं ऐकलं नाही. मी स्वतः पाहिलं.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होती, आम्हा बायकांनाही बोलावलं होतं. पूजा झाल्यावर शेठजींना पाहुण्यांपुढे ते पट्टे दाखवायची हौस आली. तुम्ही सहा प्रेसपैकी नेमकी तीन नंबरची निवडलीत. तिनं दोन्ही हात पुढं केले, बांगड्या कोपराकडे सारल्या, कुणी सांगायच्या आत. म्हणजे रोजची सवय. तुम्ही पट्टा घातलात, कडीत अडकवलात, आणि मग पट्ट्याच्या आत दोन बोटं घालून फिरवून पाहिलीत. तिनं विचारलं, "मिस्त्री, बसला का बराबर?" आणि तुम्ही हसलात. सुलभानं एकोणिसाचा पाढा न चुकता म्हटला की हसता तसं.

आपल्या लग्नात भटजींनी माझा हात तुमच्या हातात दिला, तेव्हा तुम्ही तो निम्माच धरला होता. लाजून असेल. मला आजवर तसंच वाटत होतं.

म्हणून त्या संध्याकाळी मी तुम्हाला देवापुढे बेलभंडार उचलायला लावला. केसरबाईच्या हाताला हात लावणार नाही, एवढंच म्हणवून घेतलं. तुम्ही म्हणालात, "अगं, ते काम आहे माझं." मी म्हटलं, काम दुसऱ्या कुणी केलं तर काय बिघडेल? तुम्ही उचललात. उचलून झाल्यावर बराच वेळ हात पंचाला पुसत बसलात.

बिघडलं, ते खरं. पण दुसरं कुणी होतंच की. दोन नंबरवरची जनकाबाई तिचे पट्टे बांधत होती, तुम्हीच सांगत होतात. जनकाबाई भाऊबीजेला माहेरी गेली आणि वेळेवर परत आली नाही, यात मी कुठे येते?

ज्या हाताला हात लावायचा नाही म्हणून देवापुढे बोललात, तोच हात धरून तुम्ही नागपूरपर्यंत गेलात. ट्रकवाल्यानं सांगितलं मला, मी न विचारता. "मिस्त्रीनं सारी रात हात वर धरून ठेवला," म्हणाला. रक्त थांबावं म्हणून धरला असेल. मला तेवढं कळतं. पण मी इथे रात्रभर त्याच एका गोष्टीचा विचार करते हे तुम्हाला कळत नाही.

कागदावर सही करून पाकिटातून पाठवा, किंवा घेऊनच या.

शरयू


॥ श्री म्हाळसाकांत प्रसन्न ॥

खामगाव,
बुधवार, ता. २ डिसेंबर १९६४

सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार.

कार्ड आलं. तीन ओळी. "अंगठा आणि करंगळी राहिली. सही करणार नाही. वही तुझ्या अक्षरात आहे, काय करायचं ते तू ठरव." कोरा कागद घडी घालून परत पाठवला असतात तरी मला एवढं लागलं नसतं. केसर हे नाव कार्डात कुठे नाही, हे मी दोनदा पाहून घेतलं. मग माझंही नाही हे लक्षात आलं.

पोस्टमननं वाचलंच. देताना म्हणाला, "कोनाचा अंगठा, वहिनी?"

आता मी काय केलं ते लिहिते. ते वाचून तुम्हाला आनंद व्हावा म्हणून लिहीत नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यात गेले. वहीसाठी गेले असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. मी जनकाबाईला गाठायला गेले. रोज दोन हातांवर बसणारी बाई, तिला सगळं दिसलं असणार. तिच्याकडून एकदा ऐकायचं होतं की तुमच्या दोघांत काय होतं. काही नव्हतं असं ती म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता, आणि होतं म्हणाली असती तर घरी येऊन काय केलं असतं देव जाणे. तरी गेले.

मोटरीवरून चाकं फिरवणारा पट्टा उतरवलेला होता, सगळ्या प्रेस उभ्या होत्या. जनकाबाई डब्याच्या बुडांच्या ढिगावर बसून भाकर खात होती. मी विचारलं ते तिला नीट कळलंच. तिनं हात धुतले आणि म्हणाली, "मिस्त्रीनबाई, बसा अशा. तीन नंबरवर बसा."

मी बसले. ते स्टूल बुटकं आहे, माझे गुडघे वर आले. समोर तो ठोकळा, खाली साचा, त्या दोघांमध्ये पत्रा ठेवायचा आणि हात काढून पाय दाबायचा. दिवसातून हजार वेळा, म्हणाली. पट्टे दोन्हीकडून लोंबत होते. त्यांना ह्या बायका कासरे म्हणतात हे मला पहिल्यांदाच कळलं. डाव्या पट्ट्याचं चामडं गुळगुळीत आहे. उजव्याच्या टोकाला बारीक बारीक खळगे आहेत, दोन ओळींत. मला वाटलं कडीनं पडले असतील.

"बांधून पाहा," जनकाबाई म्हणाली.

डावा मी उजव्या हातानं बांधला, चांगला बसला. उजवा बांधायला गेले तर डावा हात दोरीला अडकलेला, एका हातानं कडीही धरायची आणि टोकही ओढायचं. तीनदा केलं. टोक कडीत जातं, आवळत नाही.

"आता दातानं ओढा," ती म्हणाली. "तिनं तसंच ओढलं होतं."

मी दातानं ओढलं. तोंडात तेल आणि कसलीतरी खारट चव आली. मग ते खळगे कशाचे आहेत ते मला कळलं, आणि आपले दात कुणाच्या दातांच्या जागी बसले आहेत तेही.

जनकाबाईनं मला हात साच्यावर ठेवायला सांगितले आणि मागचं मोठं चाक हातानं हळूहळू फिरवायला लागली. ठोकळा खाली येऊ लागला. डावा हात दोरीनं मागं ओढला, खांद्यापर्यंत हिसका बसला. उजव्याचा पट्टा मनगटावरून सरकला, हाडावर अडखळला, आणि बोटांवरून निघून गेला. पट्टा मागं गेला. हात तिथंच राहिला. मी तो काढून घ्यायला हवा होता. मी नुसती बघत राहिले. चाक थांबलं तेव्हा ठोकळा माझ्या बोटांपासून वीतभर वर होता.

"विजेवर असलं की एवढा टाइम भेटत नाही," ती म्हणाली.

मग तिनं स्वतः माझा उजवा पट्टा बांधला. बांधताना मनगट असं धरलं की बैलाची मान वाटावी. कडी खेचली, आत दोन बोटं घातली, फिरवून पाहिली. तुम्ही दसऱ्याला केलंत तेच. पुन्हा चाक फिरवलं आणि दोन्ही हात मागं गेले, अगदी वेळेवर. माझी एक बांगडी वाढवली.

मी तिला विचारलं, ते सगळ्यांचे असेच बांधतात का?

"हाव. माह्ये बी, त्या निवृत्तीबुवाचे बी. बुवाचा तं हात धरून थुतरीत मारल्यासारखं करते, म्हने, बुढ्या, खाजोत नोको राहू. दसऱ्यापासून एकल्या केसरीचेच बांधेना. मी इचारलं, मिस्त्री, काऊन? तं म्हने, देवाचं हाय ते." मग म्हणाली, "मी नव्हती, बुवानं सांगतलं मले. त्या दिवशी तिनं हाक मारली त्याइले. म्हने, मिस्त्री, एवढा उजवा आवळून द्या. हे हात मांगं बांधून उभे. म्हने, जनकी येईलोक बसून राहा. ती बसली. मंग उत्तमराव आले, म्हने, तीन नंबर खाली काऊन, अर्धा रोज कापतो. मिस्त्री पाच नंबरची डाय बसवाले गेले होते. तिनं दात लावला."

मी तरीही उठले नाही. मी म्हटलं, आणि ती डबी?

जनकाबाई त्याच दिवशी नऊच्या गाडीनं माहेरून परत आली होती आणि तुम्ही केसरबाईला नेत असताना स्टेशनच्या रस्त्यावर तुमच्या टांग्यात चढली, हे मला तोवर माहीत नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं होतं. तिनं सांगितलं, तुम्ही डबी उघडून सगळा भंडारा त्या हातावर रिचवलात. दवाखान्यात डॉक्टर ओरडले म्हणे, ही घाण कुणी घातली.

ज्या भंडाऱ्यावर शपथ घेतली तो तिच्या हातावर ओतलात.  राग यायला हवा होता. आलाही.

जाताना जनकाबाईनं विचारलं, "ते देवाचं हाय म्हून त्याइले कोनं सांगतलं, मिस्त्रीनबाई?"

मी बांगडीचे तुकडे पदरात बांधून निघाले. 

आता वहीचं. तुम्ही कार्डात लिहिलंत म्हणून मीही लिहिते, नाहीतर हे कागदावर आणायचा माझा विचार नव्हता. मी शाळामास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली. तुमचं अक्षर साहेबाला लागत नाही म्हणून ती वही रोज संध्याकाळी मी लिहीत आले. प्रेसचा नंबर, मजुराचं नाव, पट्टे बांधून तपासले. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं, खाली तुमची सही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "तीन नंबरपुढं रिकामं सोड. मी बांधले नाहीत." मी म्हटलं, रिकामं दिसलं की साहेब विचारतील, मग काय सांगाल, बायकोनं शपथ घातली? आणि मी लिहिलं. तुम्ही त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलंत आणि मग सही केलीत.

रिकामी जागा रोज माझ्याकडे बघत राहिली असती, म्हणून लिहिलं. खरं कारण ते. दसऱ्यापासून त्या दिवशीपर्यंत दिवाळीची सुट्टी आणि रविवार वगळून एकोणीस ओळी आहेत. शेवटची ओळ ता. १० नोव्हेंबरची. ती तर मी तुम्ही नागपूरला निघून गेल्यावर लिहिली, सवयीनं नव्हे, समजून. तिच्याखाली तुमची सही नाही.

उत्तमरावांना तुमच्या सहीपेक्षा वहीची घाई का आहे हे तुम्हाला कळलंच असेल. तुमची सही झाली नाही तरी वही बोलेल.

काय करणार ते अजून ठरलं नाही. तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं. आला नाहीत.

शरयू


॥ श्री म्हाळसाकांत प्रसन्न ॥

खामगाव,
चंपाषष्ठी, बुधवार, ता. ९ डिसेंबर १९६४

सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार.

काल साहेब येऊन गेले. जे झालं ते झालं तसं लिहिते, मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

वही घेऊन मी दहा वाजता कारखान्याच्या फाटकाशी गेले. उत्तमराव पुढं आले, "आनली का वहिनी, द्या इकडं." मी म्हटलं, साहेबांच्या हातात देईन. त्यांना वाटलं मिस्त्रीण मोठेपणा करते आहे, हसून आत सोडलं. आत शेठ, साहेब, आणि भिंतीला तुम्ही लावलेली ती दसऱ्याची झेंडूची माळ, वाळलेली, कुणी काढली नव्हती.

मी वही टेबलावर ठेवली, पानं उलटून बोट ठेवलं आणि म्हटलं, "तीन नंबरपुढच्या ह्या एकोणीस ओळी खोट्या आहेत. लिहिणारी मी आहे."

उत्तमराव म्हणाले, वहिनींची तबेत बरी नाही. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. साहेब वयानं लहान आहेत, तुमच्याहून आठ-दहा वर्षांनी. त्यांनी विचारलं, मिस्त्री बाकी पाच जणांचे पट्टे बांधत होता आणि हिचेच नाही, असं का?

घरून निघताना मी याचं उत्तर तयार केलं होतं. गर्दी असते, वेळ मिळत नाही, असं काहीसं. ते तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "मी त्यांना शपथ घातली होती. मला तिचा मत्सर वाटत होता."

शेठजी पानाचा डबा उघडून त्यात बघत बसले. साहेबांनी लेखणी वर धरली. "हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

त्यांनी लिहिलं. मग म्हणाले, पण वहीबाहेरचा पुरावा काय? तिनं पट्टा सोडला नाही, तो नीट बांधलाच गेला नव्हता, हे कशावरून? मी त्यांना तीन नंबरवर नेलं आणि स्टुलावर बसवलं. म्हटलं, तुमचे तुम्ही दोन्ही बांधा. त्यांनी कोट काढला. डावा बांधला. उजव्याला पाच मिनिटं झगडले, कपाळाला घाम आला. जनकाबाई मागून म्हणाली, "दात लावा साहेब, दात." कुणी हसलं नाही. साहेबांनी त्या चामड्याच्या टोकाचे खळगे बोटानं चाचपले आणि पट्टा सोडवून कागदात बांधून बरोबर नेला.

जाताना त्यांनी मला सांगितलं की तिचा दावा उभा राहील, वहीच्या जोरावर तो कुणाला पाडता येणार नाही. किती मिळेल ते वरचे अधिकारी ठरवतील. त्यासाठी तिचा अर्ज लवकर जायला हवा, नमुना त्यांनी माझ्याकडे दिला आहे. मिस्त्रीलाही जाब द्यावा लागेल, काम सोडल्याबद्दल आणि खोट्या वहीखाली सही केल्याबद्दल. हे त्यांनी हळू सांगितलं.

संध्याकाळी उत्तमरावांचा निरोप आला. सोमवारपासून अकोल्याचा दुसरा मिस्त्री येतो आहे. म्हणजे तुमची नोकरी गेली. ती मी घालवली. सुलभाला अजून सांगितलं नाही. घरात दीड महिन्याचे दाणे आहेत, पुढचं पुढे बघू. तुमच्या हातात काम आहे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही, असं मी स्वतःला सांगते आहे.

आज चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत आणि रोडगे केले. तळी उचलायला पाच पुरुष हवेत, शेजारचे चार जमले आणि पाचवा म्हणून निवृत्तीबुवांना बोलावलं. ते अंघोळ करून आले, तरी हातांना यंत्राच्या तेलाचा वास होताच. नवा भंडारा आणून डबी भरली. सगळे गेल्यावर मी बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातावर घेऊन देवापुढे मोठ्यानं म्हटलं, मी घातलेली शपथ मी मागे घेते, ह्यांच्यावर त्या शपथेचं काही नाही, जे असेल ते माझ्यावर. देवानं ऐकलं असेल. तुम्ही आधीच मोडली होतीत, म्हणून मला हसूही आलं थोडं.

मत्सर गेला, असं लिहिणार होते. देवाचा दिवस आहे, खोटं लिहिवत नाही. आज सकाळी सुलभाची वेणी घालताना पुन्हा ते दसऱ्याचं डोळ्यांपुढे आलं, आणि मी फणी इतकी जोरात ओढली की ती रडली.

शनिवारी दुपारच्या गाडीनं जलंबला जाऊन तिथून नागपूरची पकडते, रविवारी सकाळी पोचेन. सुलभा बरोबर आहे. अर्जाचा नमुना, तुमचा सदरा, भरलेली डबी आणि खोबरेल तेल आणते. अर्ज मी लिहीन, माझ्याच अक्षरात. केसरबाईला सांगा की मिस्त्रीण येते आहे. का येते ते सांगू नका, ते मी सांगेन. तिला मला काय बोलायचं असेल ते बोलू द्या, मधे पडू नका.

तिचे केस किती लांब आहेत ते मला माहीत नाही. दसऱ्याला तिनं पदर घेतला होता. फणी बारीक आणू की मोठी?

रविवारपर्यंत अजून चार दिवस आहेत. महिना झालाच आहे, आणखी एवढे दिवस केस तसेच राहिले की जटा होतात, मग कापावे लागतात. तिची आई आली नसेल आणि नर्सा घालत नसतील, तर तुम्ही घाला. तीन पेड तुम्हाला येतात. शेवटी तारेसारखी गाठ मारू नका, फितीची मारा, आणि सोडवताना हळू.

घातलीत की नाही, ते मात्र परतटपाली कळवा.

शरयू